टेकू

हॅलिफॅक्सहून आलेला माणूस
जेवणाच्या टेबलावर ली-एनफिल्ड आडवी ठेवतो,
बोल्ट मागे ओढून नळीत टॉर्च मारतो.
नळी झकास, म्हणतो. पण पुढचं लाकूड कुणी कापलं?

बापानं. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात,
याच टेबलावर, हातकरवतीनं.
लष्कराला ते लागत असेल.
सीलमागे बर्फावर पोटानं सरपटणाऱ्याला
तेवढंच ओझं कमी.

अखंड असती तर तिप्पट दिले असते,
असं म्हणत तो चारशे डॉलर
मिठाच्या बरणीशेजारी मोजून ठेवतो.
हुल्डा पैशांकडे बघत नाही.
म्हणजे, बघते.
तिच्या कानातलं यंत्र ईस्टरपासून मुकं आहे.

माझ्या खांद्याला आता धक्का सोसत नाही,
कॅरिबूवर बंदी येऊनही वर्षं झाली.
पोरगा सेंट जॉन्सला लिफ्ट दुरुस्त करतो;
फोनवर म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा.

"तो तुकडा मिळाला असता तर सांधून घेतला असता,
मग भाव वेगळा,"
पाहुणा बंदूक पुसता पुसता बोलून जातो.

हुल्डाला ऐकू गेलं नसणार.
तरी ती खिडकीकडे बघते.
तिथे पडलाय तो, हातभर अक्रोड,
तेलानं काळा, एका टोकाला करवतीचे चरे.
दर उन्हाळ्यात तोच लावून
आम्ही खिडकी उघडी ठेवतो.

मी चहा ओततो, पाहुण्याला साखर विचारतो.
अजून मार्च आहे. मक्कोविकची खाडी गोठलेली.
जूनपर्यंत ती खिडकी
कुणालाच उघडायची नाही.