ओली काठी

पहाटे दोन चाळीस. धायरी, बी विंग, तिसरा मजला.
या वेळी फोन वाजला तर कुणी गेलेलं नसतं,
हे आता आईलाही कळलंय.
कूस बदलून विचारते, "परत पडलं का गं तुझं ते?"

पडलं.
काळा पडदा उघडते. आलेख नकोत, रंग नकोत.
टाइप करते : टॉप, पुढे नोड.
सहा यंत्रं, सहा ओळी. कुठेतरी मुंबईकडे आहेत म्हणतात,
मी पाहिलेली नाहीत.
चौथ्याची मेमरी एक्क्याण्णव टक्के,
सीपीयू मात्र गार,
जेवून लवंडलेल्या जावयासारखा.

आता टॉप, पॉड. मोठ्यात मोठा वर.
पावती-सेवा : सतराशे.
लगेच पुन्हा विचारलं तर तोच आकडा तोंडावर मारतात,
पंधरा सेकंद धीर धरावा लागतो.
सतराशे चाळीस.
सतराशे नव्वद.
मर्यादा दोन हजार. त्यापुढे कर्नल येतो,
कारण विचारत नाही, मारतो,
नि शेऱ्यात एकशे सदतीस लिहून निघून जातो.

रीस्टार्ट : एकेचाळीस.
एकेचाळीस वेळा मरून उठला हा
आणि आम्हाला पत्ता नाही,
कारण पावत्या जात होत्या.
लिहिला होता अन्वय लोणकरने. तो फेब्रुवारीत गेला.
केक चांगला होता.

खाली टँकर लागला.
गाडेकरमामांनी टाकीचं झाकण सरकवलं,
बांबूची काठी आत सोडली,
काढली, बॅटरीच्या उजेडात खिळे मोजले.
मी गॅलरीत. त्यांनी वर पाहिलं.
"सी विंगचा फ्लोट गेलाय, ताई.
वर भरतंय तेवढं सांडतंय. किती बी टँकर वता."

माझ्या बोटांखाली तेव्हा तीन हजार लिहिलेलं होतं.
एंटर मारायचं बाकी.

मारलं.
सातला दूध संघाच्या पावत्या सुटतात,
त्याआधी गळती कुठे शोधत बसू?
तिकिटात लिहिलं : तात्पुरतं.
याआधीची तीन तिकिटंही तात्पुरतीच आहेत,
त्यातलं एक माझं.

चपला अडकवून खाली गेले. झोप तशीही मोडलेली.
मामा काठी धोतराच्या फडक्याने पुसत होते,
खालपासून वरपर्यंत, सावकाश, टँकरवाला हॉर्न देत असताना.
"एवढं काय पुसताय?"
"वली काठी खोटं बोलती. मागचंच पाणी दावती."

मग त्यांनी ती माझ्या हातात दिली.
तळ लागला तेव्हा मनगटाला कळलं.
सव्वादोन खिळे.
त्यांनी वहीत लिहिलं, मी सही केली,
कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

वर आले. हाताला शेवाळाचा वास.
टॉप, पॉड.
पावती-सेवा : दोनशे दहा. नवीन, निर्मळ, वय अकरा मिनिटं.

पंधरा सेकंद थांबले.
दोनशे साठ.