उलटा नमस्कार

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तळवे नकोत, हातांच्या पाठी जोडा,
बोटं खाली, मिनिटभर.
देवाकडे पाठ करून उभं राहिल्यासारखं वाटलं.

विसालाच मुंग्या आल्या.
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
आणि अनामिका अर्धी, बरोब्बर अर्धी,
तलाठ्यानं दोरी लावून मोजावी तशी.
करंगळी तेवढी माझ्या नावावर राहिली.

मनगटात बोगदा असतो, म्हणाल्या.
मला करबुड्याचा ठाऊक,
गाडी आत शिरली की कान बंद होतात.

काम काय?
काजू.
किती वर्षं?
थोरली पोटात होती तेव्हापासून.
रात्रीला पट्टा लिहून दिला,
आणि पेन न उचलता विचारलं,
कारखान्यात आणखी कुणाला?

हे मी कधी विचारलंच नव्हतं.
बोट बधिरलं की गर फुटतो,
फुटला की पाकळी, पाकळीला भाव कमी,
एवढंच बोलायचो आम्ही.
रात्री तीनला उठून हात झटकते,
ओलं फडकं झटकावं तसा.
नवऱ्याला वाटतं, डास.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
सगळ्यांना म्हटलं, असं करा बघू.
टरफलाच्या तेलानं काळवंडलेली बोटं
राखेसकट खाली लोंबली.
खैरून आकडे मोजू लागली.

बाराला फिलोमिनानं हात सोडले.
"तुझोय झोपता?"
"माका वाटलां, माझोच."
अठराला तिघी.
पंचविसाला भिंतीकडची अख्खी ओळ.
शेवंतीनं ओठ चावून चाळीसपर्यंत रेटलं,
तिला कशातच मागं राहायचं नसतं,
किलोतही नाही.
"हात मेलो झोपता नि माका उठयता,"
कोण म्हणालं कळलं नाही,
हसलो मात्र सगळ्याच.

म्हणजे उभादांड्यापासून रेडीपर्यंत
रात्री तीनला, अंधारात,
एवढे हात झटकले जात होते,
आणि घरोघरी डास.

साठ झाले तरी सोनल तशीच,
दसऱ्याला लागलेली, बांगड्या अजून नव्या.
"अजून धरू काय?"
कुणी काही बोललं नाही.
मुकादम तराजू पुसत होता.
फिलोमिनाच्या डब्याचं झाकण उघडेना,
तिनं तो सोनलपुढे सरकवला.
मग खैरूननं.
मग मीही.