घोष

सीपीआरच्या पडद्यावर त्यांनी मला दाखवल्या
दोन पांढुरक्या पट्ट्या, नखाएवढ्या,
आणि कडेला घट्टा,
हमालाच्या खांद्यावर असतो तसला.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात
रव्यांच्या थप्पीवर उभा राहून
सौदे काढले ते एवढ्याशा जिवावर.

घट्टा काढला. पंधरा दिवस मुका, तिखट बंद.
मग मुजावर बाईंनी माझीच बोटं
माझ्या कंठावर ठेवली.
"म्हणा आदगोंडा, क."
काहीच नाही. नुसती फट, नुसता वारा.
"आता ग."
आत एक भुंगा हलला.
प गार. ब ला भुंगा.
त गार. द ला भुंगा.
शाळेत अघोष-घोष पाठ केले, छड्या खाल्ल्या,
पण हात लावून बघता येतं
हे काय मास्तर बोलले नव्हते.

भुंगा अजून दमतो.
परवा दुकानात कुजबुजलो,
गुळाचा दर किती निघाला रं?
पोराला ऐकू गेलं, कुळाचा तर...
"कुठल्या कुळाचा, आबा?"
हसला. मीपण हसलो,
म्हणजे वारा सोडला.

यार्डात आता तोच पुकारतो.
बेचाळीसशे एक, बेचाळीसशे दोन,
भावाच्या भ वर जरा फाटतो.
मी खाली पोत्यावर,
तोंड मिटलेलं, बोटं सवयीनं गळ्याशी,
आणि बोटांखाली भुंगा चालूच.

बाईंना सांगू नका.