सरस

लानव्रोगच्या चर्चमागचा यू वादळात आडवा झाला
तेव्हा मी सात वर्षांची.
बापानं त्यातून एक उभी फाळी काढली,
टोकांना मेण फासलं
आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिली, चार वर्षं.
झालं का? मी विचारायची.
पाणी जातंय अजून, तो म्हणायचा.

मग खरवडणं.
पाठीला पांढरं लाकूड, ताण सोसणारं.
पोटाला नारिंगी गाभा, दाब गिळणारा.
दोघं एकाच झाडात शेजारी वाढलेले,
कुणी चिकटवलेले नव्हेत.
गाठ आली की तिथं हात हलका.
एवढंच त्याचं शास्त्र.
धनुष्य झालं ते त्याच्याहून चार बोटं उंच.

दुलमसुरेन आली त्या ऑक्टोबरात, खेंतीहून,
स्पर्धेसाठी, भाच्याला दुभाषा म्हणून घेऊन.
तिनं पिशवीतून काढलं ते
धनुष्य वाटेचना.
दोरीवाचून उलटं वळलेलं,
शेपटीत नाक खुपसून निजलेल्या कुत्र्यासारखं.
चुलीपाशी बसून तिनं ते शेकलं,
मांडीवर घेतलं, आणि त्याच्या मनाविरुद्ध
वाकवलं. दोरी चढली. आता ते जागं.

ओचिर बोटं मोजत सांगत होता:
आत बर्च, पोटाला रानबकऱ्याचं शिंग,
पाठीवर हरणाचे स्नायू, कुटून कुटून
केसांसारखे विंचरलेले,
आणि हे सगळं धरून ठेवणारा
माशाच्या फुग्याचा सरस.
थरामागून थर. मधे एक अख्खा हिवाळा थांबायचं.
बाप म्हणाला, मासा?
ओचिर म्हणाला, मासा.

तिचा हलका बाण कुंपणावरून
प्यूच्या मेंढ्यांत जाऊन पडला.
बापाचा सत्तर पावलं अलीकडेच थांबला.
बापानं अंतर दोनदा मोजलं, बोलला नाही.
मग त्यानं जाड बाण लावला, कोठाराच्या ओकच्या दारावर सोडला.
पलीकडून टोक बाहेर आलं.
तिनं त्या टोकाला बोट लावून पाहिलं, तीही बोलली नाही.
निघताना दोघांनी धनुष्यं बदलली.

नोव्हेंबरात एकोणीस दिवस पाऊस.
विसाव्या दिवशी घरात माशाचा वास.
स्नायू पाठ सोडून उठलेले,
शिंग एकीकडे, लाकूड एकीकडे,
पावसात राहिलेल्या वहीसारखं ते उलगडत गेलेलं.
बाप चुलीपाशी बसून राहिला,
आजाऱ्याजवळ बसतात तसा.
तीन पत्रं लिहिली, तिन्ही चुलीत घातली.

तिचंच आलं आधी.
उणे अडतीस होतं, तिनं लिहिलं,
अर्ध्या ओढीत मोडलं.
आवाजानं घोडा उधळला तो दुपारी सापडला.
तुकडे जाळलेले नाहीत.
थंडीचं तू बोलला नव्हतास.
खाली, वेगळ्या शाईत:
मीही ओलीचं बोलले नव्हते.

बाप एवढा हसला की खोकला लागला.

वसंतात एक पुडकं आलं, पत्राशिवाय.
आत वाळलेल्या सरसाच्या पिवळ्या चकत्या.
त्यानं उत्तरादाखल त्याच यूची
दुसरी फाळी धाडली, कोरी, न खरवडलेली.
तुझ्या हवेत वाळू दे.

लोक दारातलं भोक बघायला येतात
आणि विचारतात, दोन्हींत सरस कोणतं?
मी मागच्या खोलीतली चकती आणून त्यांच्या हातावर ठेवते.
हुंगतात. तोंड वाकडं करतात.

बाप गेला त्याला दोन वर्षं झाली.
दर नव्या वर्षाला ओचिरला मी लिहिते: झालं का?
तो आत्याला विचारून कळवतो:
पाणी जातंय अजून.