पाटीवरची चूक

मिरजेच्या दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं
तेव्हा उजवा हात होता, पण पाहुण्यासारखा,
आणि तोंडात जीभ होती, पण अक्षरं सगळी सांडलेली.
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले या माणसानं,
लग्नपत्रिका, दहाव्याचे कागद, कारखान्याच्या पावत्या.
न बघता खणात हात घालायचे
आणि नेमका रफार काढायचे.

मुलाणी मॅडम म्हणाल्या, रोज एक अक्षर. घाई नको.
माझी शाळा चौथीपर्यंत, तीही जतेकडची.
मला कळतं ते मंडईतलं.
म्हणून पाटी आणली, खडू आणला,
ज्या दिवशी जे अक्षर, त्या दिवशी त्याचं शिजवायचं.

अ, अळूचं फदफदं.
आ, आवळा. तोंड आपोआप उघडलं,
आवाज मात्र आतच राहिला.
इ-ला काही मिळेना. ई-ला ईडलिंबू,
रत्नव्वानं कुणाच्या मळ्यातून आणून दिलं,
डोक्याएवढं, खडबडीत, साल बोटभर जाड, रस चमचाभर.
लोणचं घातलं. मुरायला महिना लागतो,
अक्षर तोवर थांबतंय थोडंच.
उ, उंबराची कच्ची फळं, हरभऱ्याची डाळ घालून.
शेजारीण म्हणाली, हे कोण खातं गं?
ऊ सोपा, ऊस. चमच्यानं रस पाजला,
निम्मा गळ्यातल्या टॉवेलनं प्यायला.

क-ला करटुली मागितली तर रत्नव्वा हसली,
"आत्ता? श्रावणात ये."
मग कारलं. पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं,
दोन्ही बाजूंनी.
मला तेवढंच बरं वाटलं.
ग-ला गवार, घ-ला घोसाळ्याची भजी,
ङ-ला उपास.
ट-ला टोमॅटो, दुसरं काय.
ढ-ला ढेमसं, नावासारखंच मुकाट.

मग आला ण.
ह्याला स्वतःचं काहीच नाही.
कुठल्या भाजीच्या दारात हा पुढं उभा नसतो,
मागं बसतो, शेवटच्या पंगतीतल्या सुनेसारखा.
सुरण घशाला खाजेल,
म्हणून ओला लसूण घेतला, पातीसकट, मुगाच्या डाळीत.
पाटीवर लिहिलं, लसुण.
ताट पुढं सरकवलं.

डावा हात पाटावर आपटला. वाटी उडाली.
मला वाटलं, मीठ जास्त झालं.
"दी," म्हणाले. मान ताठ, डोळे पाटीवर.
"दी... दीर्घ."

सात आठवड्यांनी पहिला शब्द,
तो ना पाणी, ना माझं नाव.
ओल्या बोटानं मी उकार पुसला, दुसरा काढला.
त्यांनी मान हलवली,
आता छापायला हरकत नाही, अशी.

तेव्हापासून पाटीवर चूक मी मुद्दाम करते.
तांदूळजा लिहिलं, "ऱ्हस्व" मिळालं.
नवलखोल लिहिलं, तर अर्धा तास खदखदले
आणि "क" म्हणून झोपले.
पडवळाला ढ घातला,
त्या दिवशी बोलले नाहीत, पण दोनदा वाढून घेतलं.

लग्न झालं तेव्हा मी पानी म्हणायचे, लोनी म्हणायचे.
हे चारचौघांत थांबवायचे,
"दाताला नव्हे, टाळूला. ण. म्हण."
एका रात्री मी जेवले नव्हते.
पुढं जीभ वळली. माहेरी गेले की सरळ व्हायची.

आज फ.
कोवळा फणस, विळीला तेल, हाताला तेल,
तरी चीक सुटत नाही आणि खडू धरवत नाही.
फोडी उकडल्या, काळा मसाला घातला,
वरून खोबरं पेरलं, तिकडं सगळं ठीक.
अडले ते पाटीशी.
फणस. ना काना, ना वेलांटी, ना उकार,
चूक घालायला जागाच दिसेना.

भाजी गार व्हायला लागली.
मग जतेच्या शाळेतल्या हातानं लिहिलं,
फनस.
ताट ठेवलं, पाटी ताटाला टेकवली,
आणि पदराला हात पुसत
समोर बसले.