दुसरा माणूस

कागदावर आता माझा हुद्दा असा:
उजव्या खुर्चीतला, दुसरा माणूस.

गेल्या हिवाळ्यापर्यंत मी फायरमन होतो.
फावड्याच्या दांड्याला माझ्या तळव्यांचे खळगे पडले होते.
पर्थ सोडलं की ड्रुमॉख्टरच्या माथ्यापर्यंत
सगळा कोळसा माझ्या पाठीतून जायचा.
आता पाठ रिकामी.
रिकामी झाल्यापासून जास्त दुखते.

डिझेल आलं. हिरवं, चकचकीत,
कुठूनही सारखंच दिसणारं.
साहेब म्हणाले, वाफेचे दिवस संपले.
मग इंजिनाच्या पोटात, दोन दारांपलीकडे,
हे कपाटाएवढं धूड कशाला ठेवलंय,
ज्यात पाणी अजून उकळतं?

गाडी ओढायला वाफ लागत नाही,
माणसं मात्र पूर्वीसारखीच गारठतात.
डबे जुने, बाकांखालचे नळ जुने,
त्यांना वाफेशिवाय कुणाचं ऐकायची सवय नाही.
तेवढ्यासाठी मी.
एवढ्या मोठ्या आगीतून
माझ्या वाटणीला आली ही शेगडी,
तीही बटणाने पेटणारी.

पेटली तर.

त्या रात्री ब्लेअर ॲथोलला ती विझली.
डूगल्ड रेनी गाडी हाकत होता, समोर नुसतं पांढरं.
तो म्हणाला, "तुझी म्हातारी झोपली वाटतं."
मी टॉर्च घेऊन आत गेलो.
आत आवाज असा की स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही,
तेलाचा वास, आणि काचेच्या नळीत
पाणी आहे की नाही कळू नये इतकी काजळी.
बटण दाबलं. ठिणगी. फुस्स.
पुन्हा. फुस्स.
तिसऱ्यांदा मी तिला ती शिवी दिली
जी माझा जुना ड्रायव्हर फक्त दगडी कोळशाला द्यायचा,
आणि बुटाने एक हाणली, दाराच्या खाली, डावीकडे.
नियमावलीत ही जागा दाखवलेली नाही.

भडका.
इवल्या काचेतून पिवळं, मग निळं.
मी हातमोजे काढून उगाच उभा राहिलो.
काम काहीच नव्हतं.

पुढचं मला गार्ड टॉल्मीने सांगितलं, इनव्हरनेसला, चहावर.
चौथ्या डब्यात एक पियानो जुळवणारा होता,
एल्जिनच्या कुठल्याशा शाळेकडे निघालेला,
बोटं काखेत घालून बसलेला.
खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी,
समोरच्या पोराने त्यात नखाने जहाज कोरलं होतं.
नळ अजून लोखंडासारखे थंड होते
तेव्हा हा म्हणाला, "येतेय."
"काय येतेय?"
"ऐका ना. टक्. आता दोन. आता जवळ."
सगळा डबा गप्प, नळाला कान लावून.
मग बाकाखाली काहीतरी शिटी घालू लागलं, बारीक,
त्याने मान हलवली: "सूर थोडा उतरलाय, पण चालेल."
ॲव्हिमोरच्या अलीकडे पोराचं जहाज बुडालं,
पाणी होऊन, काचेवरून खाली.

टॉल्मी हसत होता. मीही हसलो.
मग मी विचारलं, "शेवटचा डबा?"
त्याने चहाचा कप फिरवला बशीत.
शेवटच्या डब्यापर्यंत वाफ पोचतच नाही,
वाटेतच तिचं पाणी होतं,
रबरी नळीच्या सांध्यात गोठून बसतं.
हे त्याला ठाऊक, मला ठाऊक,
पर्थच्या तिकीटवाल्यालासुद्धा ठाऊक असावं.
"दोघं होते," तो म्हणाला. "त्यांना पुढे आणून बसवलं.
आधी येईनात. तिकिटावर हाच डबा लिहिलाय म्हणे."

चहा संपवून मी फलाटाच्या टोकापर्यंत गेलो.
इंजिनाशेजारी हिमावर ठिपक्यांची एक ओळ,
वितळून काळी पडलेली.
शेवटच्या डब्यात चढून बाकाखाली हात घातला.
गार.
थोडा वेळ तसाच धरून ठेवला तो नळ.
मूठ आपोआप वळली,
दांड्यावर वळायची तशी.