पापुद्रा

तेमिरताऊला उणे एकतीस होतं त्या रात्री
आणि आमच्या घरात एक खिडकी सताड उघडी.

ड्यूटीवरून आले तर
कुंडीतलं जिरेनियम काळं पडलेलं,
आणि अल्दियार कोट-टोपी घालून खेळत बसलेला,
कॉम्प्युटरचं उघडं पोट खिडकीकडे वळवून.
"आई, नव्याण्णवला जातो," म्हणाला,
"मग धापा टाकतो. मग मरतो.
नेमका शेवटच्या फेरीत."

आठ तास मी बॉयलरघरात पंपावर उभी असते.
अर्ध्या शहराचं गरम पाणी माझ्या हाताखालून जातं,
आणि माझाच मुलगा ती ऊब
रस्त्यावर सोडतो, कावळ्यांसाठी.

खिडकी लावली. खाडकन.
पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा लगेच सरकला.
पंचाण्णव. सत्त्याण्णव.
त्याचं बाकी काही मला कळत नाही,
कुठला किल्ला, कुणाला मारतो, का मारतो.
पण चढता आकडा दिसला
की माझे हात आपोआप व्हॉल्व्ह शोधतात.

"पंखा फिरतोय?"
"फिरतोय."
"धूळ?"
"काढली. दोनदा."
कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं. जेमतेम कोमट.
"खाली वणवा आणि वर हे?
मध्ये काहीतरी अडलंय."
तो माझ्याकडे असा बघायला लागला
जसा लहानपणी बघायचा, मी फ्यूज बांधताना.

हे यंत्र सागिंदिकनं जोडलेलं.
तेलाच्या विहिरींवर परत जायच्या आदल्या रात्री.
पंधरा दिवस तिकडे, पंधरा इकडे,
इकडचे अर्धे झोपेत.
त्या रात्री मात्र बाप-लेक जमिनीवर बसले होते,
स्क्रू वाटीत, चहा गार,
आणि मी उगाचच दोनदा दारातून गेले.

"गरम आहे तोवरच उचलायचा," अल्दियार म्हणाला,
"गार झाला की चिकटून बसतो."
चार स्क्रू. हलकासा पीळ. कूलर हातात.
उलटा केला.

तांब्यावर प्लास्टिकचा पापुद्रा.
कांद्याच्या सालीसारखा, आरपार दिसणारा,
कडेला लाल चिनी अक्षरं,
खाली रशियनमध्ये, बारीक:
बसवण्याआधी काढा.

दोन वर्षं.

आम्ही हसलो नाही.
म्हणजे आधी नाही.
मग तो फिसकन हसला, मग मी,
मग खालच्या मजल्यावरच्या ल्युडमिलानं
छताला झाडू बडवला.

जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली.
नवी त्यानं लावली, वाटाण्याएवढी,
जीभ दातात धरून. अगदी बापासारखी.
स्क्रू मी पिळले.
समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं,
जसे फ्लँजचे बोल्ट पिळतात.
एक बाजू आधी आवळली
की दुसरीकडून गळती, पाणी असो की काही.
"तुला हे कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.
बावीस वर्षं काय करते असं वाटतं तुला?
म्हटलं नाही. स्क्रू मोजत होते.

एकोणसत्तर.
किल्ला पडला की राहिला मला माहीत नाही,
पण आकडा तिथेच थांबला.
उष्णता कुठे नाहीशी होत नाही,
फक्त जागा बदलते.
यंत्राच्या मागून आता चांगला ऊन वारा येतो;
जिरेनियमची कुंडी तिथे सरकवली आहे.
देठ खालून अजून हिरवा आहे. बघू.

रविवारी फोन आला. रेंज तुटत होती.
"मशीन कसं चाललंय?" सागिंदिकनं विचारलं,
तेवढंच तो नेहमी विचारतो.
अल्दियारनं माझ्याकडे पाहिलं.
"मस्त," म्हणाला. "धूळ होती थोडी."
आणि पलीकडून, वाऱ्यातून,
"बघ, मी सांगत होतो ना,
चांगलं जोडलंय."

पापुद्रा टाकला नाही मी.
साखरेच्या डब्याखाली आहे.
गुरुवारी तो येईल.
दाखवायचा की नाही
अजून ठरलेलं नाही.